दोघांच्या सह्या

सोमवारी सकाळी साडेनऊ वाजता माझा मुलगा निखिल राखोलीच्या पुलाच्या अलीकडे मोटारसायकलवरून पडला. मागून ट्रक येत होता. अकरा वाजता पोलिसांचा फोन आला. दुपारी मी त्याला ओळखलं आणि कागदावर सही केली. शुक्रवारी त्याच्या कंपनीच्या खात्यातून अकरा कामगारांचे पगार जायचे होते.

दिवाळी अंकाच्या संपादकांनी माझ्याकडे बँकेतले गमतीचे अनुभव मागितले होते. त्यांना निखिलबद्दल माहीत नव्हतं. मी नाही म्हणणार होते. मग रोज पाचसात ओळी लिहीत गेले, आणि जे लिहून झालं ते हे आहे. गमतीचेही अनुभव आहेत. ते आधी सांगते.

सिल्वासात एका सरकारी बँकेत मी सव्वीस वर्षं नोकरी केली. त्यातली शेवटची सतरा चालू खात्यांच्या टेबलावर गेली. चालू खातं म्हणजे धंद्याचं खातं. त्यावर व्याज मिळत नाही, उलट ठरलेली शिल्लक राहिली नाही तर बँकच पैसे कापून घेते. तरी त्याच्याशिवाय धंदा होत नाही, कारण कारखान्यात येणारा आणि जाणारा प्रत्येक रुपया त्या एका दारातून जातो. माझ्या टेबलासमोर सुताचे, प्लास्टिकचे, खोक्यांचे कारखाने काढणारी माणसं बसत. बहुतेकांचा पहिला प्रश्न एकच असे: मिनिमम बॅलन्स किती? दुसरा: चेकबुक फुकट का? तिसरा प्रश्न फार थोडे जण विचारत.

एक शेठ सूत बनवत. त्यांना असा खाते क्रमांक हवा होता की आकड्यांची बेरीज नऊ यावी. "बेन, टोटल नव आववो जोईए," असं म्हणून ते माझ्यासमोर हात जोडून बसले. क्रमांक मशीन देतं, मी देत नाही, हे मी त्यांना तीनदा सांगितलं. त्यांनी खातं उघडलं, क्रमांक पाहिला, बेरीज केली आणि आठव्या दिवशी बंद करायचा अर्ज आणला. पुढे कळलं की चौथ्या बँकेत त्यांना नऊ मिळाले. त्यांचा कारखाना अजून चालू आहे.

राखोलीचे एक गृहस्थ फक्त एवढं विचारून गेले की तुमच्या शाखेला पायऱ्या किती. आम्ही नंतर हसलो. नंतर कळलं की त्यांच्या जुन्या कॅशियरला हृदयाचा त्रास होता आणि रोजचा भरणा तोच आणायचा. माझ्या सगळ्या कारकिर्दीत त्या माणसाइतका विचार करून बँक निवडणारा मी दुसरा पाहिला नाही. आमच्या शाखेला चौदा पायऱ्या होत्या. ते आमच्याकडे आले नाहीत.

आता नरोलीच्या खोकेवाल्यांची गोष्ट, कारण पुढचं सगळं तिथून सुरू होतं. दोन चुलतभाऊ होते, नंदुरबारकडचे. दोघांनी दहा वर्षं दुसऱ्याच्या कारखान्यात मशीन चालवून स्वतःचं छोटं युनिट टाकलं. खातं उघडायच्या अर्जात एक रकाना असतो: खातं कोण चालवणार. एकट्याने, दोघांपैकी कोणीही, की दोघांनी मिळून. बहुतेक लोक तो वाचतही नाहीत. त्या दिवशी गर्दी होती. मी विचारलं, "कोणीही चालेल ना?" थोरला म्हणाला, "घरचेच आहोत मॅडम, टाका काहीही." मी 'दोघांपैकी कोणीही' वर खूण केली.

तीन वर्षांनी एका शनिवारी थोरल्याने खातं रिकामं केलं आणि तो सुरतेकडे गेला. सोमवारी धाकटा आला. त्याचं नाव दिलीप. तो ओरडला नाही. बाकावर बसून राहिला, शाखा बंद व्हायच्या वेळी माझ्या टेबलाशी आला आणि म्हणाला, "मॅडम, त्या दिवशी तुम्ही आम्हाला नीट विचारलं असतं तर?"

कायद्याने माझी काही चूक नव्हती. पुढे दिलीप त्याच नरोली रस्त्यावरच्या एका कारखान्याच्या गेटवर वॉचमन म्हणून बसू लागला. मी रिक्षाने जाताना तो दिसे. तो उठून नमस्कार करायचा. त्यानंतर जो कोणी दोघांचा धंदा घेऊन माझ्याकडे आला त्याला मी विचारलं, "तुमचं भांडण झालं तर?" लोकांना राग यायचा. पण मी शेकडो अर्जांवर 'दोघांनी मिळून' लिहवून घेतलं. शाखेत मला मागून 'दोन सह्यावाल्या बाई' म्हणत. मला ते नाव आवडायचं.

मी निवृत्त झाले त्याच वर्षी निखिल आणि भूषण यांनी कंपनी काढली. भूषण जळगावकडचा. निखिल ज्या कारखान्यात सुपरवायझर होता तिथेच तो मोल्डिंगच्या मशीनवर होता. मशीनच्या आवाजावरून साचा कुठे अडतोय हे तो सांगायचा. निखिलला इंग्रजी आणि हिशेब येत होता. दोघांनी भाड्याचा गाळा घेतला, दोन जुनी मशीनं घेतली आणि तेलाच्या कॅनची झाकणं बनवायला सुरुवात केली. कॅन भरणाऱ्या कंपनीने अट घातली होती की प्रायव्हेट लिमिटेड असेल तरच माल घेऊ, म्हणून कागदोपत्री दोघे संचालक झाले, निम्मे निम्मे शेअर. कंपनीचं नाव त्यांनी दोघांच्या आयांची नावं जोडून केलं होतं. मला ते फार विचित्र वाटलं आणि मी ते कोणाला सांगत नसे.

बँक कोणती, हे आमच्या जेवणाच्या टेबलावर ठरलं. एका खाजगी बँकेचा मुलगा चकचकीत फाइल देऊन गेला होता. सहा महिने शिल्लक शून्य चालेल, घरी येऊन कागद नेऊ, असं त्यात होतं. निखिलचा कल तिकडे होता.

"आणि सहा महिन्यांनी?" मी विचारलं.

"सहा महिन्यांनी आम्ही मोठे झालेलो असू," तो म्हणाला.

भूषण म्हणाला, "मावशी, मी काय म्हणतो, तुमच्याच बँकेत टाका. तिथे निदान तुम्हाला आत सोडतील. नाहीतर मॅनेजर म्हणजे वासोण्याच्या सफारीतला सिंह. जाळीच्या पलीकडून बघायचा आणि घरी यायचं."

माझीच बँक ठरली. मग रकाना आला. निखिलला 'कोणीही' हवं होतं. तो मालाच्या मागे फिरणार, भूषण मशीनजवळ, प्रत्येक पेमेंटला दोघे कुठून एकत्र आणायचे?

"आई, आम्ही काय पळून जाणार आहोत?"

"पळून जाणारे आधी सांगत नाहीत."

"अरे भो, लिही ना दोघांचं," भूषण त्याला म्हणाला. "मावशीला वाटतं मी तुला लुटीन. तुझ्याकडे आहे काय, ते फुटकं हेल्मेट?"

आम्ही तिघेही हसलो. ठराव मी माझ्या हाताने लिहून दिला: खात्यावरील सर्व व्यवहार दोन्ही संचालकांनी संयुक्तपणे करावेत. मी त्यांना भांडणाबद्दल विचारलं. तुमच्यापैकी एक राहिला नाही तर, हे मी विचारलं नाही. सतरा वर्षांत मी ते कोणालाही विचारलं नव्हतं. तिसरं नाव घाला, कंपनीत तिसरा संचालक घ्या, बायको घ्या, आई घ्या, एवढं सांगायला अर्धं मिनिट लागलं असतं. मी तिथेच होते, त्यांच्यासाठी पोहेही मीच केले होते.

आता शुक्रवारच्या पगारांकडे येते.

तिसऱ्या दिवशी दुपारी भूषण लॅपटॉप घेऊन आला. घरात माझी बहीण होती आणि शेजारच्या दोघी. निखिलचे बाबा आठ वर्षांपूर्वीच गेले होते, निखिलचं लग्न झालं नव्हतं, त्यामुळे निर्णय घ्यायला मी एकटीच होते. भूषण चटईवर बसला. तीन दिवस तो आमच्याच घरी राबत होता, स्मशानातही त्यानेच सगळं पाहिलं. तो म्हणाला, "मावशी, निखिलचा फोन कुठे आहे?"

पोलिसांनी तो प्लास्टिकच्या पिशवीत घालून दिला होता. काच तडकली होती, पण चालत होता. बहिणीने तो चार्जिंगला लावून ठेवला होता, का ते तिलाही सांगता आलं नसतं.

भूषणने मला समजावलं. नेट बँकिंगमध्ये एकजण पेमेंट टाकतो, दुसरा ते मंजूर करतो. मंजूर करणाऱ्याच्या फोनवर सहा आकडे येतात, ते टाकले की पैसे जातात. टाकणारा भूषण, मंजूर करणारा निखिल. हे मला माहीत होतं. पुढचं माहीत नव्हतं.

"त्याचा पासवर्ड माझ्याकडे आहे. पहिल्यापासून आहे. तो बाहेर असला की मीच दोन्ही बाजूने करायचो, तो फोनवर आकडे सांगायचा. माझा पासवर्ड त्याच्याकडे होता. सगळेच असं करतात मावशी. अख्ख्या सिल्वासात विचारा."

मी फोन चार्जिंगवरून काढून हातात घेतला.

"मी पगार टाकून ठेवलेत. दाण्याच्या पार्टीचे पैसेही टाकलेत." प्लास्टिकच्या कच्च्या मालाला दाणा म्हणतात. "आता त्याच्या नावाने आत जातो. फोनवर आकडे येतील. तुम्ही फक्त वाचून सांगा."

"भूषण, तो नाही."

"मला सांगता का मावशी? मी त्याला खांदा दिलाय. बँकेला माहीत नाही अजून. एकदा कळलं की ते खातं थांबवतील. मग नवा संचालक, नवा ठराव, नव्या सह्या. किती दिवस लागतात ते तुम्हालाच माहीत. तोपर्यंत दाणा नाही आला तर मशीन बंद. मशीन बंद झालं तर झाकणाचं काम दुसरीकडे जाईल. मग काय राहील त्याचं?"

त्याने लॅपटॉपवर काहीतरी दाबलं. फोन थरथरला. तडकलेल्या काचेवर संदेश आला. सहा आकडे मला स्पष्ट दिसले.

भूषण माझ्याकडे बघत होता. शेजारच्या बाईंनी विचारलं, "कोणाचा मेसेज?" बहीण म्हणाली, "बँकेचा."

मी वाचले नाहीत. फोन पालथा करून चटईवर ठेवला. ते आकडे तीन मिनिटं चालतात. भूषण तीन मिनिटं थांबला. मग म्हणाला, "ओटीपी गेला." त्याने लॅपटॉप मिटला आणि चपला घातल्या.

लोकांनी विचारलं तेव्हा मी सांगितलं की ते बेकायदा होतं, आणि आयुष्यभर मी लोकांना जे करू दिलं नाही ते स्वतः कसं करू. हे खोटं नाही. पण खरं कारण ते नव्हतं. निखिलच्या नावाने कोणीतरी आत जातं, त्याने मंजूर केलं असं बँकेला सांगतं आणि बँक ते मानते, हे मला सहन झालं नाही. मी त्या वेळी अकरा माणसांचा विचार केला नाही. भूषणचाही केला नाही.

दुसऱ्या दिवशी मी स्वतः शाखेत जाऊन निखिलच्या मृत्यूची लेखी सूचना दिली. माझ्या जुन्या खुर्चीवर वलसाडची एक मुलगी बसते, हुशार आहे. तिने पत्र वाचलं, उठून माझा हात धरला आणि म्हणाली, "बेन, तमे तो जाणो छो." मला माहीतच होतं. तिने माझ्यासमोर खात्यातून पैसे जाणं थांबवलं. तिच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं, कदाचित हात न धरता.

पगार मी माझ्या मुदत ठेवीतून दिले. ते भूषणने मुकाट्याने घेतले. पण दाण्याच्या व्यापाऱ्याला मी पुरे पडणारी नव्हते. आणि गंमत अशी, संपादकांना गमती हव्या होत्या म्हणून सांगते, खात्यात पैसे येत होते. कॅनवाली कंपनी आधीच्या मालाचे पैसे वेळेवर भरत होती. येणारा पैसा बँक अडवत नाही. ते तिथे जमत गेले. भूषणने कंपनीला विचारलं की माझ्या स्वतःच्या खात्यात भराल का. ते म्हणाले, आमच्या नोंदीत हेच खातं आहे, बदलायचं असेल तर दोन्ही संचालकांचं पत्र आणा.

वाट एकच होती. आई म्हणून निखिलचे शेअर माझ्याकडे येणार होते आणि त्याच्या जागी मला संचालक होता येणार होतं. मग भूषणच्या सहीबरोबर माझी सही चालली असती. मी कामाला लागले. मृत्यूचा दाखला मिळायला दिवस गेले. संचालक व्हायला लागते ती डिजिटल सही काढायला गेले तर माझ्या पॅन कार्डावर लग्नाआधीचं नाव निघालं. आधारवर सासरचं. नाव जुळत नाही म्हणून अर्ज परत आला. याच कारणासाठी मी माझ्या टेबलावरून किती माणसांना परत पाठवलं असेल, याचा हिशेब नाही. "नाव दुरुस्त करून या," एवढं म्हणून मी पुढच्याला बोलवायची. पॅन बदलून यायला तीन आठवडे गेले. मग पुन्हा अर्ज, मग सरकारी फॉर्म, मग त्यात पत्त्याची चूक.

भूषण सुरुवातीला रोज फोन करायचा.

"झालं का मावशी?"

"सोमवारपर्यंत होईल."

"मागच्या वेळीही सोमवार होता."

मग तो एक दिवसाआड करू लागला. पाचव्या आठवड्यात दाणा संपला. सहाव्या आठवड्यात वीज तोडली. कामगार बहुतेक धुळे-नंदुरबारकडचे, नरोलीत खोल्या करून राहणारे. ते थांबू शकत नव्हते. रोज एकदोघे दुसऱ्या कारखान्यांच्या गेटवर उभे राहिले आणि कामाला लागले. भूषण म्हणाला, "जाऊ द्या त्यांना. मी थांबवलं असतं तर शिव्या दिल्या असत्या, आणि बरोबर दिल्या असत्या." सातव्या आठवड्यात कॅनवाल्या कंपनीचं पत्र आलं. वाईट वाटतं असं लिहून त्यांनी काम दमणच्या एका युनिटला दिलं.

नवव्या आठवड्यात मी संचालक झाले. त्याच दिवशी खातं सुरू झालं. वलसाडच्या मुलीने मला आणि भूषणला शेजारी बसवून नमुन्याच्या सह्या घेतल्या. माझी सही थोडी खाली गेली, तिने पुन्हा करायला लावली.

जमलेल्या पैशांतून आम्ही दाणेवाल्याचं आणि विजेचं बिल, गाळ्याचं भाडं आणि कामगारांचे राहिलेले दिवस भागवले. मशीनं भंगाराच्या किमतीला गेली. प्रत्येक कागदावर भूषण सही करायचा आणि कागद माझ्याकडे सरकवायचा. शेवटी खातं बंद करायचा अर्ज राहिला. तो त्याने घरी आणून दिला. मी बस म्हटलं, तो उभाच राहिला.

"मावशी, एक विचारू?"

"विचार."

"त्या दिवशी ते सहा आकडे सांगितले असते तर?"

मी खूप दिवस उत्तर तयार ठेवलं होतं. "तेवढ्याने काय झालं असतं भूषण? एक पगार, एक दाण्याची गाडी. फार तर महिनाभर चाललं असतं. बँकेला कळलंच असतं."

"महिनाभरच लागत होता," तो म्हणाला. "दाण्याची गाडी आली असती, मशीन चालू राहिलं असतं, तर विजेचं आणि भाड्याचं मी वरच्यावर बघितलं असतं. चालू मशीनवर उधार मिळतं मावशी. बंद मशीनवर कोणी देत नाही."

मी अर्जावर सही केली. त्याने ती तपासून पाहिली, घडी घातली.

"तुमचं बरोबर असेल," तो दारातून म्हणाला. "बँकवाल्यांचं बरोबरच असतं."

तो असं आधी कधी माझ्याशी बोलला नव्हता. खाली जाताना त्याने गेट ओढून घेतलं. निखिल ते नेहमी उघडं टाकायचा.

तेव्हापासून काही लोक माझ्याकडे विचारायला आले, छोटा धंदा आहे, खातं कुठे उघडू. मी त्यांना सांगते. शिल्लक किती लागते ते शेवटी पाहा. आधी पाहा की तुमच्यातला एक उद्या सही करू शकला नाही, भांडून असो, आजारपणाने असो किंवा मरून असो, तर पैसे बाहेर कसे येतील. दोघांचीच कंपनी असेल तर आजच तिसरा संचालक घ्या, आणि त्याच्या कागदांवर नाव एकच आहे ना ते पाहून घ्या. बँकेत सहीचा ठराव करताना 'तिघांपैकी कोणीही दोन' असं लिहा. मुदत ठेव ठेवून देण्यापेक्षा हे जास्त उपयोगी आहे. लोक वहीत उतरवून घेतात. एकजण म्हणाला, "मॅडम, असं अशुभ कशाला बोलता?" त्याला मी चहा दिला आणि पुन्हा तेच सांगितलं.

भूषण नरोलीतच एका मोठ्या कारखान्यात शिफ्टमध्ये मशीन चालवतो. त्याच्या बायकोने एकदा दिवाळीचा फराळ पाठवला होता, डबा मी धुऊन परत दिला. कंपनी बंद करायचा अर्ज आम्ही अजून केलेला नाही. त्याने विचारलं नाही, मीही नाही. सरकारी नोंदीत ती आहे, दोन्ही आयांची नावं जोडून केलेल्या त्याच नावाने. संचालक दोन आहेत, भूषण आणि मी. आमचं बोलणं नाही.